अस्सल कागद कुठं आहे ते सांगणारी सेवा: क्यूचा दफ्तरखाना आणि पास्टन घराण्याची वंशावळ

जुन्या कागदांवरून वंशावळ लावताना नाव सापडल्याचा आनंद फार लवकर होतो. आमच्या वकीलसाहेबांनी मला सगळ्यात आधी शिकवलं ते हे, की नाव सापडलं की थांबायचं आणि कागदाला तीन गोष्टी विचारायच्या: अस्सल कुठं आहे, तो कुणाच्या दफ्तरातून आला, आणि कोणत्या भांडणात लिहिला गेला. लंडनमधल्या क्यू इथं इंग्लंडचा राष्ट्रीय दफ्तरखाना आहे, ‘द नॅशनल आर्काइव्हज’. त्यांची ‘डिस्कव्हरी’ नावाची ऑनलाइन सूची या तिन्ही गोष्टी सांगते, आणि तीही निपाणीत बसलेल्या बाईला, सूची बघण्याचे काही पैसे न घेता. म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहिते आहे. सीमाभागात घराण्यांच्या इतिहासाची, जुन्या दस्तांची आवड असलेली माणसं पुष्कळ आहेत. त्यांनी ही सेवा एकदा वापरून बघावी असं मला मनापासून वाटतं.

माझं काम वारसाच्या दाव्यांचं. मोडी वाचायची, वंशावळ लावायची, कुठल्या पिढीला कुठला कागद आधार देतो ते कडेला लिहायचं. बेळगाव जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात, त्यामुळं जुनं दफ्तर बरंचसं मोडी मराठीत आणि नंतरचे उतारे सगळे कानडीत. रायबागकडचं प्रकरण आलं तर करवीर संस्थानचे कागद वेगळेच. एकाच घराण्यासाठी तीन सरकारांच्या कपाटांत हात घालावा लागतो. आणि वंशावळ म्हटलं की आमच्याकडं अजून हेळवी आठवतो. सुगी झाली की तो बैलावर बसून, घंटा वाजवत दारात यायचा, चोपडी उघडून आज्जा-पणज्यांची नावं एका दमात वाचायचा आणि जोंधळा घेऊन पुढच्या गावाला जायचा. त्याच्या चोपडीत नावं असायची, पण जमीन कुणाची, कूळ कोण आणि मालक कोण, हे नसायचं. ते कचेरीच्या दफ्तरात. दोन्ही एकमेकांसमोर ठेवल्याशिवाय घराणं कळत नाही, हे मी इथं शिकले आणि इंग्लंडच्या कागदांतही ते तसंच लागू पडलं.

पास्टन हे घराणं माझ्यापुढं आणलं माझ्या भाचीनं. ती नॉरिचला नर्स आहे. सुट्टीत ती नॉरफोकच्या किनाऱ्याजवळ पास्टन नावाच्या गावी गेली होती. तिथं 1581 साली बांधलेलं, गवतानं शाकारलेलं, लांबच लांब धान्याचं कोठार अजून उभं आहे. त्याचे फोटो पाठवून तिनं लिहिलं, “मावशी, या कोठारवाल्यांची वंशावळ काढ बघू, तुझ्याच कामाची आहे.” मी सहज म्हणून सुरू केलं आणि त्यात पार गुंतून गेले, कारण या घराण्याच्या वंशावळीवर 15 व्या शतकातच भांडण झालं होतं आणि त्या भांडणाच्या दोन्ही बाजूंचे कागद शिल्लक आहेत.

घराण्याची हकीकत थोडक्यात सांगते, म्हणजे सेवेची परीक्षा कशी घेतली ते कळेल. क्लेमेंट पास्टन हा पास्टन गावचा शेतकरी, 1419 मध्ये वारला. त्यानं मुलाला शिकवलं. तो मुलगा विल्यम, जन्म 1378, वकील झाला आणि 1429 मध्ये ‘कॉमन प्लीज’ या जमिनीच्या आणि इतर दिवाणी दाव्यांच्या मोठ्या कोर्टाचा न्यायाधीश झाला. विल्यमनं जमिनी घेतल्या, गावं घेतली, 1444 मध्ये वारला. त्याचा मुलगा जॉन, तोही वकील. 1459 मध्ये सर जॉन फास्टॉल्फ हा मोठा सरदार निपुत्रिक वारला आणि त्याची केस्टरची गढी आणि जमिनी आपल्याला दिल्या असं जॉननं सांगितलं. मग काय, चारी बाजूंनी दावे. नॉरफोकच्या ड्यूकनं तर 1469 मध्ये सैन्य लावून केस्टरला वेढा घातला आणि गढी घेतली.

त्या आधीच शत्रूंनी वंशावळीला हात घातला होता. एक कागद आहे, लिहिणाऱ्यानं आपलं नाव घातलेलं नाही. त्यात म्हटलंय की क्लेमेंट हा साधा नांगर हाकणारा माणूस, वर्षभर एक नांगर चालवायचा, जवाच्या पेरणीला कधी दोन. खोगीर नसलेल्या घोड्यावर धान्य टाकून, त्यावरच बसून गिरणीला जायचा आणि पीठ घेऊन परत यायचा. जमीन फार तर शंभर-एकशेवीस एकर, त्यातली बरीच गिमिंगहॅमच्या मालकाची, बंधक, म्हणजे गहाण नव्हे, मालकाला बांधलेल्या गुलामासारख्या कुळाची. बायकोही बंधक कुळातली. मुलाला शाळेत घालायला कर्ज काढलं. हे वाचताना मी हातातलं काम बाजूला ठेवलं. आपल्याला यात क्लेमेंटचा अपमान वाटत नाही, उलट त्या माणसाबद्दल आदर वाटतो. पण त्या काळच्या कायद्यात याचा अर्थ भयंकर होता. बंधक कुळानं मिळवलेलं सगळं कायद्यानं मालकाचं. म्हणजे बाप बंधक ठरला तर न्यायाधीशानं घेतलेल्या सगळ्या जमिनींवर मालक हात ठेवू शकतो. वंशावळीवर सगळी इस्टेट टांगलेली.

आणि दुसऱ्या बाजूचा कागद साक्षात राजाचा. 1466 मध्ये, जॉन वारल्यावर थोड्याच दिवसांत, चौथ्या एडवर्डनं जाहीर केलं की पास्टन हे 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं तेव्हापासूनच्या थोर वंशातले सज्जन लोक आहेत. त्यांनी जुने दस्त आणि गावच्या मॅनॉर कोर्टाच्या, म्हणजे जमीनमालकाच्या स्वतःच्या कोर्टाच्या, गुंडाळ्या दाखवल्या म्हणे. पुढच्या वंशावळींत तर वुल्स्टन नावाचा मूळपुरुष फ्रान्समधून विजयानंतर तीन वर्षांनी आला असंही येतं. वारसाच्या दाव्यांत काम केलेल्या माणसाला हा प्रकार लगेच ओळखू येतो. एक कागद वैऱ्याचा, एक कागद ज्याच्या बाजूनं निकाल हवा होता त्याच्या पुराव्यावरचा. दोन्ही हितसंबंधी. मग तिसऱ्या जातीचे कागद शोधायचे, म्हणजे जे वंशावळीसाठी लिहिलेच गेले नाहीत: सारा, कोर्टाची रोजची नोंद, खरेदी, मृत्युपत्र. ‘डिस्कव्हरी’ची खरी परीक्षा इथं झाली.

सूचीत तीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. क्यूच्या कागदांबरोबरच देशभरातल्या अडीच हजारांवर दफ्तरखान्यांचे कागद कुठं आहेत तेही त्यात कळतं. नाव टाकलं की भाराभर नोंदी पुढ्यात येतात. त्यानं घाबरू नये. डावीकडं काळ निवडायचा, मग कोणत्या मालिकेतला कागद ते निवडायचं. प्रत्येक कागदाला अक्षरं आणि आकडे असतात आणि ती अक्षरं म्हणजे कागद कोणत्या कचेरीत जन्मला ते. C म्हणजे चॅन्सरी म्हणजे चॅन्सेलर या राजाच्या बड्या मंत्र्याची कचेरी, E म्हणजे एक्सचेकर म्हणजे खजिना, CP म्हणजे कॉमन प्लीज. C 1 मध्ये चॅन्सेलरकडं केलेले अर्ज, E 179 मध्ये कराच्या याद्या, त्यात 1377, 1379 आणि 1381 च्या माणशी कराच्याही. SC 8 मध्ये राजाकडं केलेल्या जुन्या विनंत्या, त्यांच्या तर प्रतिमाही मोफत आहेत. PROB 11 मध्ये कँटरबरीच्या धर्मकोर्टात सिद्ध झालेली मृत्युपत्रं, 1384 ते 1858. डिजिटल नकला 2020 च्या एप्रिलपासून नोंदणी केलेल्या वापरणाऱ्यांना मोफत उतरवता येऊ लागल्या. ईमेल देऊन खातं उघडलं की झालं.

मला सगळ्यात आवडलं ते प्रत्येक नोंदीखालचं मालिकेचं वर्णन. हा कागद कोणत्या कामात तयार झाला, कोणत्या कचेरीनं ठेवला, मग कुठं हलवला, काय हरवलं, हे तिथं लिहिलेलं असतं. आमच्याकडं रुमालात बांधलेलं दफ्तर उघडलं की आतल्या कागदाला आई ना बाप. कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी या रुमालातला त्या रुमालात ठेवलेला. तिथं मात्र कागदाच्याही कुळाची नोंद ठेवलेली बघून मला मनापासून बरं वाटलं.

एक उदाहरण देते. C 1 मधल्या अर्जांवर तारीख नसते. अर्ज चॅन्सेलरच्या हुद्द्याला उद्देशून असतो, त्यावरून काळ लावतात. आता नुसतं ‘बाथचे बिशप, चॅन्सेलर’ असं लिहिलं असेल तर तो जॉन स्टॅफर्ड असू शकतो, म्हणजे 1443 च्या आधीचा, किंवा रॉबर्ट स्टिलिंग्टन, म्हणजे 1467 नंतरचा. सूचीत अशा अर्जाला दोन्ही काळ दिलेले असतात. घाईनं एक काळ ठोकून दिलेला नाही. एखाद्या जॉन पास्टनचा अर्ज असा सापडला, तर बाप जॉन की त्याच्या थोरल्या दोन मुलांपैकी एक जॉन, हे त्या काळावर ठरणार. हो, ती दोन्ही मुलं जॉनच. थोरला 1442 चा, धाकटा 1444 चा, दोघंही हयात. वंशावळ लावणाऱ्याची झोप उडवणारं घर आहे हे.

आता क्लेमेंटकडं वळू. त्याचं मृत्युपत्र PROB 11 मध्ये शोधत बसू नका. लहान गावच्या शेतकऱ्याचं मृत्युपत्र स्थानिक धर्मकोर्टात जायचं, नॉरफोकमधलं नॉरिचच्या कोर्टात, आणि ती दफ्तरं आता नॉरिचच्या नॉरफोक रेकॉर्ड ऑफिसमध्ये आहेत. ‘इन्क्विझिशन पोस्ट मॉर्टेम’ नावाची मृत्यूनंतरची चौकशीही त्याच्यासाठी निरुपयोगी, कारण ती फक्त थेट राजाकडून जमीन धरणाऱ्यांची व्हायची. या चौकशीच्या कागदांत वारस वयात आल्याचा पुरावा म्हणून गावकऱ्यांच्या साक्षी असतात, ‘त्याच वर्षी माझा पाय मोडला म्हणून आठवतंय’ अशा, आणि त्या वाचायला फार गोड आहेत. पण क्लेमेंटसारख्याला शोधायचं ते मॅनॉर कोर्टाच्या गुंडाळ्यांत. कुळ मेलं, मुलाच्या नावावर जमीन लागली, कुळाच्या मुलीच्या लग्नासाठी दंड भरला, हे सगळं तिथं. कोणत्या मॅनॉरच्या गुंडाळ्या कुठं आहेत याची वेगळी नोंदवही आहे, ‘मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टर’, तीही डिस्कव्हरीमध्येच आहे. मॅनॉरचं नाव टाका, कागद सरकारी दफ्तरात आहेत, जिल्ह्याच्या की खाजगी घरात, ते कळतं. खाजगी घरातल्या कागदांचीसुद्धा नोंद सरकारनं ठेवली आहे, हे आमच्याकडच्या देसाई-कुळकर्ण्यांच्या माळ्यावरच्या पेट्या आठवून मला फार मोठं वाटलं.

विल्यमचं मात्र सोपं, आणि त्यासाठी डिस्कव्हरीच्या जोडीनं दुसरी एक सेवा लागते. ह्यूस्टन विद्यापीठाच्या विधी ग्रंथालयानं ‘अँग्लो-अमेरिकन लीगल ट्रॅडिशन’ या नावानं क्यूमधल्या मध्ययुगीन कोर्टाच्या कागदांचे लाखो फोटो मोफत ठेवले आहेत. सूचीवर कागदाचा क्रमांक काढायचा आणि फोटो ह्यूस्टनच्या जागेवर बघायचे, असा माझा क्रम. दिसायला ती जागा अगदी साधी आहे. राजाचं नाव, मालिकेचं नाव, क्रमांक, आणि मग फोटोंची रांग, आधी सगळ्या चर्मपत्रांच्या पुढच्या बाजू, मग सगळ्या मागच्या. सजावट शून्य. मला तेच पसंत पडलं, कारण बेळगावला गेले असताना लॉजवरच्या मंद इंटरनेटवरही पान उघडतं.

तिथं मी ‘फीट ऑफ फाइन्स’ बघितले, आणि ही गोष्ट जरा सविस्तर सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जमीन हस्तांतराचा पक्का दस्त करायचा म्हणून कोर्टात नावापुरता दावा लावायचे आणि तडजोड लिहून घ्यायचे. तिलाच ‘फाइन’ म्हणत, इथं त्याचा अर्थ दंड नव्हे. एकाच चामड्याच्या तावावर तोच मजकूर तीनदा लिहायचा, दोनदा वर शेजारी-शेजारी आणि एकदा तळाशी आडवा. मधल्या मोकळ्या जागेत एक शब्द मोठ्या अक्षरांत लिहायचा आणि बरोबर त्या अक्षरांवरूनच नागमोडी कापायचं. वरच्या दोन प्रती दोन पक्षांना, तळाची कोर्टाला. उद्या कुणी खोटी प्रत आणली तर कोर्टाच्या प्रतीला लावून बघायची, अर्धी अक्षरं अर्ध्या अक्षरांना आणि वळण वळणाला जुळलं तरच खरी. 1195 पासून कोर्टानं तळाची प्रत जपून ठेवली. फोटोत वरच्या कडेला ती कापलेली अक्षरं दिसतात, पायच नुसते, वरची अंगं दुसऱ्या कुणाच्या पेटीत गेलेली. तशा प्रती मी किती वेळ मोठ्या करून बघितल्या असतील. नोटरी, मुद्रांक, अंगठा, फोटो यांतलं काहीच नसताना नकलेचा बंदोबस्त एवढ्या हुशारीनं करणाऱ्या त्या कारकुनांना माझा नमस्कार.

वंशावळीला त्याचा उपयोग असा, की फाइनमध्ये नवऱ्याबरोबर बायकोचं नाव येतं, कारण विधवेचा हक्क मागाहून उभा राहू नये म्हणून तिलाही पक्षकार करत. आणि दस्त ज्यांच्यासमोर झाला त्या न्यायाधीशांची नावं वरतीच लिहिलेली असतात. 1429 ते 1444 मधले फाइन काढा, त्या नावांच्या ओळीत विल्यम पास्टन बसलेला दिसतो. खोगीर नसलेल्या घोड्यावर गिरणीला जाणाऱ्याचा मुलगा, दुसऱ्यांच्या जमिनींचे दस्त पक्के करतोय. या कागदावर ना वैऱ्याचा हात, ना राजाची मेहेरबानी. कारकून रोजचं काम लिहीत गेला. असा पुरावा मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

वाचण्याची अडचण खरी आहे, ती लपवत नाही. 1733 पर्यंत कोर्टाची नोंद बहुतेक लॅटिनमध्ये, तीही आखडलेली. नाव पुरं लिहीत नाहीत, वर एक आडवी रेघ ओढली की समजून घ्यायचं. m, n, i, u ही अक्षरं एकसारख्या उभ्या दांड्यांची, त्यामुळं ओळभर नुसते दांडे दिसतात. मोडी वाचणाऱ्याला मात्र यात धीर येतो. आपणही आधी ओळभर शिरोरेघ ओढून त्याखाली अक्षरं लटकवलेली, शब्दाशब्दांत फट नसलेली पानं वाचतोच की. मौजेला ‘मौ॥’, परगण्याला ‘पा॥’, सुहूरला ‘सु॥’. डोळ्यांना आधी ठरावीक वाक्यांची सवय लावायची, मग नावं आपोआप वेगळी दिसू लागतात. कॉमन प्लीजच्या नोंदवहीत डाव्या समासात जिल्ह्याचं नाव असतं, नॉरफोकला ‘Norff’. सुरुवातीला मी फक्त समास बघत खाली जायची, तो शब्द आला की थांबायची. क्यूच्या जागेवर लॅटिनचे आणि जुनं हस्ताक्षर वाचण्याचे मोफत पाठ आहेत. ते चांगले आहेत, पायरीपायरीनं नेतात, उत्तर तपासायची सोय आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेली कॉलेजची मुलं ते सहज करतील.

तारखांचंही तसंच. तिथं सन लिहीत नाहीत, राजाच्या कारकिर्दीचं वर्ष लिहितात. सहावा हेन्री 1422 च्या 1 सप्टेंबरपासून, चौथा एडवर्ड 1461 च्या 4 मार्चपासून. मधेच 1470 मध्ये हेन्री काही महिने पुन्हा गादीवर आला, तेव्हा कागदावर त्याचं एकोणपन्नासावं वर्ष पडलं. शिवाय त्यांचं वर्ष 25 मार्चला बदलायचं. जुन्या मराठी कागदांवरच्या सुहूर सनाचा इसवी सन काढताना 599 की 600 मिळवायचे हे मृगाच्या आधीचा महिना की नंतरचा यावर ठरवणाऱ्या माणसाला हे नवीन नाही, पण हिशोबाचा कागद शेजारी ठेवल्याशिवाय पुढं जाऊ नये.

सेवेतली उणीव कुठं? बहुतेक मध्ययुगीन कागदांची प्रतिमा डिस्कव्हरीवर नाही, नुसतं वर्णन आहे. नक्कल मागवायची तर पैसे पडतात, आणि आधी किती पानं आहेत ते बघण्याचेही. वर्णनात जे नाव नाही ते शोधून सापडणार नाही, म्हणजे दाव्यातले मुख्य पक्षकार मिळतात पण साक्षीदार, शेजारी, कुळं मिळत नाहीत. ह्यूस्टनच्या फोटोंना बहुतेक ठिकाणी सूची नाही. हौशी अभ्यासकांनी काही वर्षांची केली आहे, बाकी पान अन् पान चाळणं. मोबाइलवर हे काम करूच नये, मोठा पडदा हवा. सूची म्हणून मी तिला पैकीच्या पैकी गुण देईन, घरबसल्या वाचायची सोय म्हणून निम्मे.

पण पैसे भरून तयार झाड देणाऱ्या जागांशी तुलना केली की ही उणीव काहीच वाटत नाही. नाव घेत नाही, पण वर्गणी घेणाऱ्या अशा एका जागेवर मी पास्टन टाकलं तर थेट वुल्स्टनपर्यंतचं झाड रंगीत चौकटींत पुढं आलं, प्रत्येकाला जन्मवर्ष, मृत्युवर्ष. आधार काय, तर दुसऱ्या कुणाचं तरी झाड. त्या झाडाला तिसऱ्याचा आधार. मी तक्रार लिहिली, उत्तर ठरावीक आलं, वर्गणी परत मिळाली नाही. कोर्टात असा कागद ठेवला तर समोरचा वकील दोन मिनिटांत फाडून टाकेल. पॅरिश रजिस्टर म्हणजे चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या तिकडं 1538 मध्ये सुरू झाल्या. त्याआधीच्या शेतकऱ्याची नेमकी जन्मतारीख कुणी देत असेल तर आधी कागद मागा. आपल्याकडच्या लोकांनी तर हे जरूर लक्षात ठेवावं, कारण अशीच तयार झाडं आता आपल्या घराण्यांचीही मिळू लागली आहेत.

पास्टन घराण्याची जगभर कीर्ती आहे ती त्यांच्या पत्रांमुळं, आणि त्या पत्रांची गोष्ट अस्सल-नकलेच्या प्रश्नावरच आहे. घराण्याचा शेवटचा अर्ल 1732 मध्ये वारला. मग 1735 मध्ये फ्रान्सिस ब्लोमफील्ड या पाद्र्यानं ऑक्सनीडच्या वाड्यात कागदांच्या पेट्या बघितल्या. 1787 मध्ये जॉन फेन यानं पत्रं छापली, अस्सल राजाला नजर केली, आणि ती दिसेनाशी झाली. पुढं 1865 मध्ये एका टीकाकारानं विचारलंच की अस्सल कुठं आहे, पत्रं खोटी तर नाहीत? मग 1865, 1875 आणि शेवटी 1889 मध्ये गठ्ठे एकेक करून वेगवेगळ्या वाड्यांत सापडले. इतकी वर्षं छापील पुस्तक सगळ्यांच्या हातात होतं, तरी अस्सल सापडेपर्यंत शंका फिटली नाही, आणि ते योग्यच झालं. आज मूळ पत्रं मुख्यतः ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मजकूर मिशिगन विद्यापीठाच्या मध्ययुगीन इंग्रजीच्या संग्रहात मोफत वाचता येतो.

तो जरूर वाचा, कारण कोर्टाच्या कागदात माणूस दिसत नाही, तो इथं दिसतो. 1448 मध्ये ग्रेशमच्या जमिनीवरून मोलिन्स नावाच्या सरदाराच्या लोकांनी घेरलेलं असताना जॉनची बायको मार्गारेट नवऱ्याला लंडनला लिहिते, धनुष्यं पाठवा, बाण पाठवा, आणि एक पौंड बदाम, एक पौंड साखर, मुलांसाठी कापड. एकाच पत्रात. आणि 1466 मध्ये जॉनच्या अंत्यविधीचा खर्च बघा. मशालींचा धूर बाहेर जावा म्हणून खिडकीच्या काचा काढायला काचवाल्याला पैसे, मठातल्या साधूंची दाढी-हजामत करायला न्हाव्याला पाच दिवसांची मजुरी. वंश हलका म्हणून बोट दाखवलं गेलं त्याच वर्षी हा खर्च झाला आहे. आपल्याकडं बाराव्याच्या पंगती का वाढतात हे ज्यानं बघितलंय त्याला ते वेगळं समजावून सांगायला नको.

आता वंशावळीबद्दल शेवटचं, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. मार्गारेटची मुलगी मार्जरी. तिनं 1469 मध्ये घरच्याच कारभाऱ्याशी, रिचर्ड कॉलशी, लग्न लावल्याचं सांगितलं. बिशपनं तिची उलटतपासणी घेतली, ती शब्दावर ठाम राहिली, आईनं घराचं दार बंद केलं. एवढं वाचून पुष्कळजण थांबतात. पण 1482 च्या मृत्युपत्रात हीच मार्गारेट मार्जरीच्या मुलाला, जॉन कॉलला, 20 पौंड ठेवते, आणि तो न राहिला तर त्याच्या भावांना. एका वाक्यात मुलीचं घराणं पुराव्यासह उभं राहतं. आमच्याकडं दाखल झालेल्या वंशावळींतून लेकींच्या शाखा सर्रास गाळलेल्या मी बघितल्या आहेत, जाणूनबुजून गाळलेल्या, आणि वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर त्यांच्या हक्कासाठी तेच कागद पुन्हा उकरावे लागले. लेकीची ओळ शोधायला घराण्याचं आडनाव टाकून भागत नाही.

म्हणून डिस्कव्हरी उघडाल तेव्हा पास्टन टाकून झालं की कॉल टाका, मॉटबी टाका, ब्रूज टाका, म्हणजे सासरं आणि माहेरं. नावाचे स्पेलिंग त्या काळी ठरलेले नव्हते, म्हणून शेवटच्या अक्षरांऐवजी तारकाचिन्ह वापरा. काळ निवडताना दोन्हीकडं दहा-दहा वर्षं सोडा. आणि सापडलेल्या प्रत्येक नोंदीचा क्रमांक, अक्षरांसकट, वहीत त्या माणसाच्या नावासमोर लिहा. मी C 1 मध्ये सध्या कॉल घराण्याचे अर्ज बघते आहे. भाचीला नॉरफोक रेकॉर्ड ऑफिसमध्ये जायला सवड झाली की ती क्लेमेंटच्या मृत्युपत्राची नोंद बघून येणार आहे. तिला द्यायची यादी मी आताच करून ठेवली आहे.